लुईस फॉन आन आणि ड्युओलिंगो: त्याच्या करिअरबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

एडटेकचा, म्हणजे तंत्रज्ञानातून शिकवणाऱ्या कंपन्यांचा, विषय निघाला की गप्पा हमखास फंडिंगवर जातात, कोणाला किती मिळालं, कोण बुडालं वगैरे. त्या नादात एक साधा प्रश्न राहूनच जातो, की ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याने शिकायचं कसं आणि त्याच्या शिकण्याचा खर्च भरायचा कोणी. लुईस फॉन आनचं करिअर मला मनापासून आवडतं ते याचसाठी, कारण त्याने जे जे केलंय त्यातलं बरंचसं या एकाच प्रश्नाभोवती फिरतं. कधी उत्तर चुकलं, कधी बदलावं लागलं, पण प्रश्न त्याने सोडला नाही. लोक जे परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहितोय.

हा लुईस फॉन आन नेमका कोण?

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपचा सहसंस्थापक आणि सीईओ. जन्म 1978 चा, ग्वाटेमाला सिटीतला. पूर्वी ईमेल अकाउंट उघडताना ती वेडीवाकडी अक्षरं बघून टाइप करायला लागायची ना, तो कॅप्चा बनवणाऱ्या टीममध्येही हाच होता. म्हणजे तुम्ही ड्युओलिंगो कधी उघडलं नसलं तरी याच्या कामाशी तुमची गाठ नक्की पडलेली आहे.

श्रीमंत घरातला होता का?

श्रीमंत नाही पण ग्वाटेमालाच्या मानाने बरं घर. आई डॉक्टर, आणि तीही अशा काळात डॉक्टर झालेली जेव्हा त्या देशात बायका मेडिकलला जवळजवळ जायच्याच नाहीत. तिने एकटीने त्याला वाढवलं. त्याला इंग्रजी माध्यमाच्या प्रायव्हेट शाळेत घातलं आणि तो स्वतः सांगतो की हातात येईल तो पैसा तिने त्याच्या शिक्षणात ओतला. आठ वर्षांचा असताना त्याला व्हिडिओ गेमचा निंटेंडो हवा होता, आईने आणला कमोडोर 64 कॉम्प्युटर. मग काय, गेम खेळायचे तर आधी कॉम्प्युटर समजून घ्यावा लागला, आणि तिथून त्याला त्याचा नाद लागला.

याच बालपणातून त्याचं एक ठाम मत तयार झालंय जे तो आजही प्रत्येक भाषणात मांडतो. सगळे म्हणतात शिक्षणाने समाजातली दरी कमी होते, पण त्याने पाहिलं ते उलटंच. पैसेवाला जगातलं उत्तम शिक्षण विकत घेतो आणि आणखी पुढे जातो, गरिबाला धड लिहा-वाचायलाही येत नाही आणि तो आहे तिथेच राहतो. हे मत डोक्यात ठेवलं नाही तर त्याचे पुढचे निर्णय नीट कळणारच नाहीत.

ती टोफेलची गोष्ट खरी आहे का?

हो, त्याने स्वतः बऱ्याच मुलाखतींमध्ये सांगितलीये. अमेरिकेत शिकायला जायचं तर इंग्रजी येतं हे सिद्ध करणारी टोफेल परीक्षा द्यावी लागायची, आणि त्या वेळी ग्वाटेमालातल्या सगळ्या जागा संपलेल्या. म्हणून पोरगा विमानाने शेजारच्या एल साल्वाडोरला गेला, फक्त परीक्षा देण्यासाठी. फी, विमान, राहणं सगळं मिळून हजार डॉलरच्या वर खर्च. त्याच्या आईला ते झेपलं, पण त्या देशातल्या बहुतेक घरांसाठी ती रक्कम म्हणजे दरवाजा बंदच. पुढे ड्युओलिंगोने स्वतःची इंग्रजीची परीक्षा काढली तिचं मूळ इथे आहे. तिच्याबद्दल खाली लिहिलंय.

कॅप्चा त्यानेच शोधला का?

एकट्याने नाही. ड्यूक युनिव्हर्सिटीतून गणितात डिग्री घेऊन 2000 मध्ये तो पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये पीएचडीला आला. त्याचे गाइड मॅन्युएल ब्लूम, 1995 चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले, म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधलं फार मोठं नाव. त्याच सुमारास याहूच्या एका शास्त्रज्ञाचं तिथे भाषण झालं, आम्हाला सुटत नसलेल्या अडचणी या विषयावर. त्यातली एक अशी की लोक प्रोग्रॅम लिहून लाखो फुकट ईमेल अकाउंट उघडतात आणि त्यावरून स्पॅम पाठवतात, मग समोर माणूस आहे की प्रोग्रॅम हे ओळखायचं कसं? ब्लूम, फॉन आन, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांनी वाकडी केलेली अक्षरं माणसाला वाचायला देण्याची पद्धत बसवली आणि तिला कॅप्चा नाव दिलं. 1997 च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनच्या लोकांनीही तशीच युक्ती वापरली होती, म्हणून सगळं श्रेय याला देणं बरोबर नाही.

त्यातून भरपूर कमाई झाली असेल ना?

काहीच नाही. याहूला फुकट दिलं.

पण या सगळ्याचा शिक्षणाशी संबंध काय?

खूप आहे, फक्त लगेच दिसत नाही. पीएचडीत असताना त्याच्या डोक्यात एक कल्पना बसली, की कॉम्प्युटरला जमत नाही पण माणसाला सहज जमतं असं काम लाखो लोकांकडून थोडं थोडं करून घ्यायचं, आणि तेही असं की लोकांना ते काम वाटायलाच नको. त्याने 2003 च्या सुमारास ईएसपी गेम नावाचा खेळ बनवला. दोन अनोळखी माणसं ऑनलाइन जोडली जायची, दोघांना एकच फोटो दिसायचा पण एकमेकांशी बोलता यायचं नाही. दोघांनी फोटो बघून शब्द टाइप करत राहायचं आणि दोघांचा शब्द जुळला की पॉइंट. फोटोत कुत्रा असेल तर दोघंही कधी ना कधी कुत्रा लिहिणारच, म्हणजे जुळलेला शब्द हे त्या फोटोचं अगदी भरवशाचं लेबल. लोक तासन् तास खेळत बसायचे आणि इमेज सर्चसाठी लागणारी लेबलं आपोआप तयार व्हायची. गूगलने 2006 मध्ये त्याचं लायसन्स घेऊन स्वतःची आवृत्ती काढली.

आता ड्युओलिंगो बघा. मेहनतीचं काम खेळासारखं करायचं, ते छोट्या छोट्या तुकड्यांत वाटायचं आणि प्रत्येक क्लिकमधून काहीतरी शिकून सिस्टम सुधारायची, हे सगळं त्या 2003 च्या खेळात आधीच आहे. त्याच्या करिअरमध्ये मधेच कुठे शिक्षण हे नवं क्षेत्र आलं असं मला वाटत नाही. तेच डोकं नव्या कामाला लागलं, एवढंच. 2006 मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच लाख डॉलरची, ती याच कामासाठी.

रीकॅप्चा म्हणजे काय, आणि दोन शब्द का यायचे?

कॅप्चा जगभर पसरल्यावर त्याने हिशोब मांडला की लोक दिवसाला साधारण 20 कोटी वेळा कॅप्चा भरतात, प्रत्येकी दहा एक सेकंद धरले तरी रोजचे पाच लाख तास नुसते वाया. हे त्याला सहन होईना. त्याच काळात जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन करून डिजिटल करण्याचं काम जोरात चालू होतं, पण शाई पसरलेली, कागद पिवळा पडलेला, त्यामुळे कॉम्प्युटरला बरेच शब्द वाचताच यायचे नाहीत.

म्हणून 2007 मध्ये रीकॅप्चा आला. तुम्हाला दोन शब्द दिसायचे. एकाचं उत्तर सिस्टमला आधीच माहीत, दुसरा जुन्या पुस्तकातला, कॉम्प्युटरला न लागलेला. कुठला कुठला ते तुम्हाला सांगायचे नाहीत. माहीत असलेला शब्द तुम्ही बरोबर टाइप केला की तुम्ही माणूस, आणि मग दुसऱ्या शब्दाचं तुमचं उत्तरही बहुधा बरोबरच असणार असं धरायचं. तोच शब्द आणखी लोकांना दाखवून उत्तरं जुळली की शब्द पक्का. 2008 मध्ये सायन्स मासिकात त्यांचा पेपर आला, त्यात अचूकता 99 टक्क्यांच्या वर दिलीये. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असेच वाचून घेतले. 2009 मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली, मग गूगल बुक्सचं काम सुरू झालं. 2011 च्या टेड भाषणात त्याने सांगितलेला आकडा दिवसाला 10 कोटी शब्दांचा होता, वर्षाला साधारण 25 लाख पुस्तकं.

हे लोकांना फुकट राबवून घेणं नाही का?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. अमेरिकेत एका बाईने 2015 मध्ये याच मुद्द्यावर गूगलवर केससुद्धा टाकली होती, ती कोर्टाने 2016 मध्ये फेटाळली. माझं मत असं की पुस्तकं सगळ्यांना वाचायला मिळणार असतील तर दहा सेकंद द्यायला माझी हरकत नाही, पण आपण काय करतोय हे माणसाला स्पष्ट सांगायला पाहिजे, आणि एखादी खाजगी कंपनी त्याचा फायदा घेणार असेल तर अजूनच स्पष्ट. ड्युओलिंगोच्या स्वयंसेवकांच्या बाबतीतही हाच प्रश्न पुढे परत आला.

कार्नेगी मेलनमध्ये प्रोफेसरची नोकरी होती, गूगलचे पैसे आलेले, मग ड्युओलिंगोचा खटाटोप कशाला?

कारण आता त्याला पैशासाठी काम करायची गरज नव्हती आणि ग्वाटेमाला डोक्यातून जात नव्हतं. शिक्षणातच काहीतरी करायचं आणि ते सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे एवढं ठरलेलं. आधी गणित शिकवायचा विचार होता, आवडीचा विषय. पण मग त्याने असं बघितलं की गणित आलं म्हणून थेट पगार वाढत नाही, गणितानंतर फिजिक्स, मग इंजिनिअरिंग, मग कुठे नोकरी. इंग्रजीचं तसं नाही. वेटरला इंग्रजी आलं की तो हॉटेलात जास्त पगारावर लागतो, तेही लगेच. जगात भाषा शिकणाऱ्यांमध्ये इंग्रजी शिकणारेच सगळ्यात जास्त, आणि त्यातले बरेचसे परिस्थिती सुधारायला शिकतात. तेव्हा भाषा शिकवणारी सॉफ्टवेअर शेकडो डॉलरना विकली जायची. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्यासाठीच ती नव्हती. इथेच त्याला जागा दिसली. विषय निवडण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण बहुतेक लोक स्वतःला जे शिकवायला आवडतं तिथून सुरुवात करतात.

सेव्हरिन हॅकर कोण?

ड्युओलिंगोचा सहसंस्थापक आणि सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञानाचा प्रमुख. मूळचा स्वित्झर्लंडचा, कार्नेगी मेलनमध्ये फॉन आनचाच पीएचडी विद्यार्थी. एकाची भाषा स्पॅनिश, दुसऱ्याची जर्मन, त्यामुळे सुरुवातीचे कोर्स या दोघांनी स्वतःच बांधले. ड्युओलिंगोचं चिन्ह असलेलं घुबड हिरवं का, तर हॅकरला हिरवा रंग अजिबात आवडत नाही म्हणून, असं फॉन आन सांगतो.

सुरुवातीला ड्युओलिंगो ट्रान्सलेशनची कंपनी होती म्हणतात, ते कसं?

ही त्याच्या करिअरमधली माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे.

काम सुरू झालं मॅकआर्थरच्या पैशांवर आणि अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रँटवर, कंपनी झाली 2011 मध्ये. त्याच्या 2011 च्या टेड भाषणाने इतकी हवा झाली की बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, उघडायच्या आधीच तीन लाखांच्या वर लोक रांगेत होते, आणि 19 जून 2012 ला सगळ्यांसाठी खुलं झालं. पैशाचं गणित रीकॅप्चासारखंच ठरवलेलं. विद्यार्थी सराव म्हणून खऱ्या वेबसाइटवरचा मजकूर भाषांतरित करणार, एकाच वाक्याची बऱ्याच जणांची भाषांतरं एकत्र करून चांगलं भाषांतर तयार होणार, आणि ते कंपन्यांना विकायचं. विद्यार्थ्याला सगळं फुकट, बिल भरणार भाषांतर घेणारी कंपनी. ऐकायला किती सुंदर आहे! आणि नुसतं कागदावर नव्हतं, 2013 मध्ये सीएनएन आणि बझफीड त्यांचे गिऱ्हाईक होते.

मग सोडलं का? कारण भाषांतराच्या धंद्यात भाव सतत खाली जातो, शब्दामागे किती सेंट यावरच घासाघीस. आणि दुसरं म्हणजे पैसा जिथून येतो तिकडे कंपनीचं लक्ष ओढलं जातं. इंजिनिअर भाषांतर सुधारण्यात गुंतायला लागले, शिकवणं मागे पडायला लागलं. आपण शिक्षणाची कंपनी आहोत की भाषांतराची हे ठरवायची वेळ आली आणि त्यांनी चालू असलेला, पैसे देणारा धंदा बंद केला. त्याची सगळ्यात लाडकी कल्पना होती ती, आधीचं निम्मं करिअर तिच्यावर उभं होतं. ती बाजूला ठेवणं किती अवघड गेलं असेल याची कल्पना करा.

मग कंपनी चालली कशावर?

काही वर्षं नुसती इन्व्हेस्टरच्या पैशांवर. 2015 मध्ये गूगल कॅपिटलने पुढाकार घेऊन साडेचार कोटी डॉलर घातले आणि मग साहजिकच विचारणा सुरू झाली की बाबांनो कमाईचं काय. अडचण अशी की आतल्या लोकांनाच कमाई नको होती. फुकट शिक्षणाच्या ध्येयाने आलेली माणसं ती, जाहिरात किंवा सबस्क्रिप्शन म्हणजे त्यांना दगाच वाटायचा. फॉन आनने त्यांना समजावलं ते असं की पैसे आले नाहीत तर कंपनीच राहणार नाही, आणि कंपनी नाही तर फुकट शिक्षणही नाही. ठरलं असं की धडे कुणासाठीही कुलूपबंद करायचे नाहीत. फुकट शिकणाऱ्याला धड्याच्या शेवटी जाहिरात दिसेल, जाहिरात नको असेल त्याने सबस्क्रिप्शन घ्यावं. 2017 मध्ये सबस्क्रिप्शन आलं.

पुढे शेअर बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत चित्र स्पष्ट दिसतं. वापरणाऱ्यांपैकी साधारण 5 टक्के लोक पैसे भरायचे, आणि 2020 च्या 16 कोटी डॉलरच्या उत्पन्नातले 73 टक्के या थोड्या लोकांकडून आलेले. म्हणजे ज्यांना परवडतं ते पैसे भरतात आणि त्यावर बाकीचे फुकट शिकतात. तो याला सरळ सरळ श्रीमंत देशातून गरीब देशाकडे पैसा वळवणं म्हणतो. मला हे मॉडेल पटतं. पण अलीकडे फुकटच्या आवृत्तीत अडथळे वाढलेत, आधी चुकलं की हार्ट कमी होऊन संपायचे, 2025 पासून सराव करताना संपत जाणारी एनर्जी आली, आणि ज्या पोराकडे पैसे नाहीत त्याचा सराव मधेच थांबतो. धडा कुलूपबंद नाही हे खरं, पण बसून सलग दोन तास शिकायचं म्हटलं तर फुकटात ते आता सहज होत नाही, आणि हे मूळ वचनाला धरून नाही असं मला स्पष्ट वाटतं.

ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट कशी आली?

एल साल्वाडोरच्या त्या फेरीतून. 2014 मध्ये सुरू केली, घरी बसून स्वतःच्या कॉम्प्युटरवर द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. फी बरीच वर्षं 49 डॉलर होती, तर टोफेलला साधारण 200 डॉलर लागायचे. प्रश्नही उत्तरानुसार बदलतात, बरोबर आलं की पुढचा अवघड, म्हणून तासाभरात होते. सुरुवातीला युनिव्हर्सिट्या फारशी दाद देत नव्हत्या. 2020 मध्ये कोविडमुळे जगभरची परीक्षा केंद्रं बंद पडली आणि एकदम सगळ्यांना घरून देता येणारी परीक्षा हवी झाली, तेव्हा मान्यता भराभर वाढली. आज हजारो संस्था ती घेतात. फी नंतर वाढलीये आणि प्रत्येक देशाच्या व्हिसाला ती चालतेच असं नाही, तेव्हा अर्ज करायच्या आधी त्या त्या ठिकाणचे नियम बघूनच पैसे भरा.

ड्युओलिंगोची ती सारखी येणारी नोटिफिकेशनं म्हणजे माणसाला व्यसन लावणं नाही का?

2023 च्या टेड भाषणात त्याने याचं उत्तर उघडपणे दिलंय. शिक्षण फोनवरून द्यायचं म्हणजे एका बाजूला ब्रोकोली ठेवायची आणि शेजारी जगातली सगळ्यात चविष्ट मिठाई, म्हणजे टिकटॉक, इन्स्टाग्राम. मिठाईवाले जी तंत्रं वापरतात तीच भाजीसाठी वापरायची असं तो म्हणतो. म्हणून स्ट्रीक (सलग किती दिवस शिकलात त्याची मोजणी), म्हणून लीग (बाकीच्या शिकणाऱ्यांशी पॉइंटची स्पर्धा), म्हणून घुबड.

किती बारकाईने केलंय बघा. आठवण कधी पाठवायची यावर त्यांनी खूप प्रयोग केले, आणि उत्तर निघालं काल ज्या वेळी ॲप उघडलं त्यानंतर बरोबर 24 तासांनी. काल दुपारी तीनला मोकळे होतात तर आजही बहुधा असाल. आणि आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर नोटिफिकेशन पाठवणं बंद करतात, पण बंद करताना सांगतात की या आठवणींचा उपयोग होत नाहीये, आता पाठवणार नाही. तर तो मेसेज वाचून लोक परत यायचे! अशा ए/बी टेस्टिंगवर, म्हणजे काही लोकांना एक आणि बाकीच्यांना दुसरं दाखवून काय चालतं ते बघण्यावर, ही कंपनी उभी आहे.

माझं म्हणणं, रोज परत येणं ही भाषा शिकण्यातली खरंच अर्धी लढाई आहे आणि ती त्याने जिंकली. पण स्ट्रीक राखण्यासाठी सोपा धडा उरकून झोपणारे पण ढिगाने आहेत, आणि त्या दिवशी शिकणं शून्य असतं. ॲप दोघांनाही सारखीच शाबासकी देतं ही खोट आहे.

खरंच भाषा येते का त्याने?

वाचणं, ऐकून समजणं, शब्द, वाक्याची ठेवण यात चांगली प्रगती होते. 2012 मध्ये एक अभ्यास आला की स्पॅनिशसाठी ड्युओलिंगोचे 34 तास म्हणजे कॉलेजच्या एका सेमिस्टरइतकं, पण तो कंपनीच्याच पैशांवर झालेला आणि त्यावर टीकाही झाली, तेव्हा तो आकडा जपून वापरा. समोरच्या माणसाशी घडाघडा बोलणं नुसत्या ॲपवर येत नाही. त्यासाठी 2023 मध्ये जीपीटी-4 हे एआय वापरून संवादाचा सराव आणला, पण तो महागड्या सबस्क्रिप्शनमध्ये. म्हणजे परत ज्याला परवडतं त्यालाच.

कोर्स स्वयंसेवकांनी बनवले हे खरं का?

बरेचसे, हो. 2013 पासून इन्क्युबेटर नावाने कुणीही आपल्या भाषेचा कोर्स बांधायला मदत करू शकायचं, आणि लोकांनी भाषेच्या प्रेमापोटी वर्षानुवर्षं काम केलं. छोट्या भाषांचे कोर्स तर त्यांच्यामुळेच झाले. 2021 मध्ये, शेअर बाजारात उतरायच्या आधी, तो कार्यक्रम बंद केला आणि केलेल्या कामाबद्दल स्वयंसेवकांना पैसे दिले. पैसे दिले हे चांगलंच, पण कंपनीच्या किमतीत त्या लोकांचा वाटा किती मोठा होता हे कुठल्याही रकमेत मावत नाही.

आयपीओ, म्हणजे शेअर बाजारातली पहिली विक्री, कधी आला?

28 जुलै 2021, नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारावर, 102 डॉलरला शेअर. ऑफिस तेव्हाही पिट्सबर्गमध्ये आणि आजही तिथेच, सिलिकॉन व्हॅलीला गेले नाहीत. पूर्ण वर्षाचा नफा मात्र पहिल्यांदा 2023 मध्ये झाला, म्हणजे कंपनी सुरू झाल्यावर तब्बल बारा वर्षांनी. एडटेकमध्ये दोन वर्षांत नफा दाखवतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

2025 मध्ये एआयवरून एवढा गदारोळ का झाला?

एप्रिल 2025 च्या शेवटी त्याने कर्मचाऱ्यांना लिहिलेला मेमो कंपनीने लिंक्डइनवर टाकला. त्यात होतं की कंपनी आता एआय-फर्स्ट होणार, म्हणजे प्रत्येक कामात आधी एआयचा विचार करणार, जे काम एआय करू शकतं त्यासाठी कंत्राटी लोक घेणं हळूहळू बंद करणार, आणि टीमला नवीन माणूस हवा असेल तर हे काम ऑटोमेट करता येत नाही हे आधी दाखवावं लागेल. दोन दिवसांत त्यांनी 148 नवे कोर्स एकदम जाहीर केले आणि सांगितलं की पहिले शंभर कोर्स बनवायला बारा वर्षं लागली होती.

लोक प्रचंड चिडले. वर्षानुवर्षांच्या स्ट्रीक मोडून ॲप डिलीट केल्याचे व्हिडिओ टाकले, आणि कंपनीने काही काळ आपल्या टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. मग त्याने खुलासा केला की एआय आमच्या कर्मचाऱ्यांची जागा घेईल असं मला म्हणायचं नाही, माणसं आधीच्याच वेगाने घेतोय, आणि पुढे हेही मान्य केलं की मेमोत पुरेसा संदर्भ दिला नव्हता.

मला यात दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. छोट्या भाषेतून इंग्रजी शिकायला कोर्स नसणं हा खरा अन्याय आहे आणि एआयने तो लवकर मिटत असेल तर ते व्हायलाच पाहिजे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण ज्या भाषाप्रेमी लोकांनी कोर्स घडवले त्यांना काढताना हिशोबाची भाषा वापरली, ते चूक. जानेवारी 2024 मध्येच साधारण 10 टक्के कंत्राटी लोक कमी केले होते, त्यामुळे लोकांचा राग हवेतला नव्हता. आणि एआयने लिहिलेलं वाक्य बरोबर आहे का, नैसर्गिक आहे का, हे सांगायला त्या भाषेत वाढलेलं माणूसच लागतं.

शेअर पडला ना पण?

पडला. मे 2025 मध्ये 500 डॉलरच्या वर होता आणि नोव्हेंबरमध्ये एका दिवसात जवळपास पाव किंमत गेली, कारण कंपनीने सांगितलं की तूर्त कमाईपेक्षा वापरणारे वाढवण्यावर आणि चांगलं शिकवण्यावर भर देणार. रोज वापरणारे तेव्हा 5 कोटींच्या पुढे गेलेले. बाजाराला आवडलं नाही, शिकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला तो निर्णय बरोबर वाटतो.

बाकी एडटेकवाल्यांपेक्षा याचा रस्ता वेगळा कसा?

सॅल खानने 2008 मध्ये खान अकॅडमी ना-नफा संस्था म्हणून काढली, खर्च देणग्यांवर. अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर यांनी 2012 मध्ये कोर्सेरा काढलं, युनिव्हर्सिटीचे कोर्स बघायला फुकट आणि पुढे सर्टिफिकेटला पैसे. म्हणजे कोण पैसे देणार या प्रश्नाला एकाचं उत्तर दाता, दुसऱ्याचं नोकरी शोधणारा विद्यार्थी, आणि फॉन आनचं उत्तर पैसेवाला शिकणारा. शाळांना किंवा सरकारला विकणं हा आणखी एक रस्ता, त्यात तो फारसा गेलाच नाही, कारण तिथे विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो.

मला एडटेकमध्ये काहीतरी सुरू करायचंय, याच्याकडून काय घेऊ?

पहिल्यांदा खर्च कोण भरणार हे लिहून काढा, आणि भरणाऱ्याला जे हवंय आणि शिकणाऱ्याला जे हवंय ते एकच आहे का बघा. भाषांतराचं मॉडेल तिथेच फसलं. दुसरं, शिकणारे परत येतात का आणि आल्यावर खरंच शिकतात का, हे दोन्ही मोजा. त्याने पहिलं जगात सगळ्यात चांगलं मोजलं, दुसरं त्या मानाने कमी. घुबड, स्ट्रीक, लीग यांची नक्कल करू नका, सगळ्यांनी केलीये आणि बहुतेकांची चालली नाही, कारण त्यामागचे शेकडो प्रयोग कुणाला दिसत नाहीत. आणि हेही धरून चला की त्याच्याकडे सुरुवातीला फेलोशिपचे पैसे होते, कंपनी विकलेली होती, प्रोफेसरची नोकरी होती, म्हणून त्याला वर्षानुवर्षं कमाईशिवाय थांबता आलं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर कमाईचा विचार त्याच्यापेक्षा खूप आधी करावा लागेल.

ग्वाटेमालासाठी त्याने काही केलं का?

हो, स्वतःच्या नावाचं फाउंडेशन आहे. ग्वाटेमालातल्या मुली आणि बायका, पर्यावरण आणि स्वतंत्र पत्रकारिता यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना ते पैसे देतं.

त्याचं ऐकायला सुरुवात कुठून करू?

त्याची टेडची दोन भाषणं आहेत, 2011 चं आणि 2023 चं, दोन्ही फुकट आणि वीस मिनिटांच्या आतली. ओळीने बघा. पहिल्यात तो भाषांतराच्या मॉडेलबद्दल इतक्या खात्रीने बोलतो, आणि दुसऱ्यात सबस्क्रिप्शनबद्दल तितक्याच.